चाकांवरचे बिऱ्हाड आणि पाण्याचा हिशेब

गोडादरा हे सुरत शहराच्या पूर्व अंगाचे उपनगर. येथील गल्ल्यांतून हिंडताना आपण गुजरातेत आहोत की खानदेशात, असा संभ्रम नवख्या पाहुण्याला पडल्यावाचून राहत नाही. यंत्रमाग आणि कापडबाजार यांच्या आश्रयाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे येथे आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत येऊन स्थायिक झाली आहेत. ओट्यावर अहिराणी, दुकानात गुजराती आणि शाळेच्या दप्तरात मराठी, असा येथील व्यवहार. ज्या तापीच्या काठी यांचे वाडवडील कपाशी पिकवीत, तीच तापी येथे समुद्राला मिळते. तेव्हा नदी सोडून कोणी फार दूर आले आहे, असे तरी का म्हणावे?

याच वस्तीत माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. मूळचे अमळनेरकडचे, धंदा मालमोटारीचा. बाजारातील साड्यांची पार्सले वाहून नेणारी त्यांची सहाचाकी गाडी गेली चौदा वर्षे अखंड धावते आहे. अलीकडे भाड्यात राम राहिला नाही, डिझेल परवडत नाही, म्हणून त्यांच्या मनाने एक नवीनच उचल खाल्ली. गाडीच्या हौद्यात झोपण्याच्या फळ्या, स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टाकी आणि दिव्यासाठी छपरावर सौरपट्टी बसवावी, आणि शहरातील हौशी मंडळींना कच्छचे रण दाखवून आणावे. ना हॉटेलचे भाडे, ना खाणावळीचा शोध. परदेशी लोक अशा गाड्यांतून सबंध वाळवंटे पालथी घालतात, हे त्यांनी मुलाच्या मोबाईलवर पाहिले होते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या निवासी गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, हे त्यांना कोणीतरी सांगितले. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून दीड लाख रुपये या खटाटोपात घालायचे त्यांनी ठरविले. पत्नीने एकच अट घातली : आधी आपण स्वतः जाऊन येऊ, उरलेले पैसे मग मोडा.

अशा रीतीने, नाताळाची गडबड ओसरल्यावर जानेवारीच्या मध्यास, उत्तरायणाच्या सुट्टीमुळे कापडबाजार थंड असताना आम्ही निघालो. मालक, त्यांच्या पत्नी (यांना मी वहिनी म्हणतो), मालकांचे पंच्याहत्तरीचे वडील, महाविद्यालयात शिकणारा मुलगा, शेजारचे गॅरेजवाले मिस्त्री आणि मी, असे सहा जण. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवून नेणे कायद्यास मान्य नाही आणि ते योग्यही नाही; म्हणून तिघे चालकाच्या खोलीत आणि तिघे मिस्त्रींच्या जीपमध्ये, अशी विभागणी झाली. हौदा फक्त रात्रीच्या निद्रेसाठी. एका गाडीने वाळवंटात जाऊ नये, हा शहाणपणाचा नियम आम्ही केवळ कायद्याच्या धाकाने पाळला, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

हा नियम फार जुना आहे. १९२९ पासून पुढे राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने साध्या फोर्ड मोटारी घेऊन ईजिप्त व लिबिया यांच्या सीमेवरील वाळूचा समुद्र पालथा घातला. तोवर तेथे उंटाखेरीज कशाचा पाय टिकत नाही, अशी समजूत होती. रुतलेल्या चाकाखाली घालण्यासाठी त्याने पोलादी पन्हळी नेल्या. मऊ वाळूत टायरमधील हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो, ही युक्ती वापरली. आणि इंजिनातील उकळत्या पाण्याची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती नळीने एका डब्यात नेऊन थंड करून पुन्हा पाण्यात बदलण्याची सोय केली. इंजिनालाही तहान लागते, आणि तेही त्याच टाकीतले पाणी पिते, हे त्याने ओळखले होते. पुढे १९४० साली त्याच्याच खटपटीने वाळवंटात दूरवर संचार करणारे एक सैनिकी पथक उभे राहिले. त्या धर्तीवर हिंदी घोडदळाच्या पलटणींतील जवानांचेही एक पथक दुसऱ्या महायुद्धात तयार करण्यात आले. त्या युद्धात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे सांध्यावर गळत, आणि जर्मनांचे वीस लिटरचे भक्कम डबे गळत नसत. म्हणून ब्रिटिशांनी शेवटी त्यांचीच नक्कल केली. हा डब्यांचा इतिहास येथे उगाच सांगितलेला नाही, हे पुढे दिसेल.

परंतु गाडीत घर घालून फिरणे ही काय एवढी नवलाची गोष्ट आहे? राजस्थानातून गुजरातेत उतरणारे गाडिया लोहार पिढ्यान् पिढ्या बैलगाडीतच संसार करीत आले. आणि आमच्या सुरत जिल्ह्यातच, दिवाळी सरली की बारडोलीच्या साखर पट्ट्यात खानदेशातून व डांगमधून ऊसतोड करणारी कुटुंबे येतात. मालमोटारीत पीठ, मिरची, तवा, कोंबडी, गोधडी आणि तान्ही मुले घालून ती येतात आणि उघड्या रानात खोपी घालून सबंध हंगाम काढतात. त्यांच्या त्या प्रवासास कोणी पर्यटन म्हणत नाही. आमचे वृद्ध बाबा तरुणपणी या टोळ्यांबरोबर आले होते. मुलाने हौद्यातील फळ्यांना कौतुकाने हात लावून दाखविला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आम्हाले फळ्याबी नव्हत्या.”

टाकी तीनशे लिटरची. पत्र्याची, नवीन, एका कारखान्यात जोडून घेतलेली. वहिनींनी त्याखेरीज वीस लिटरचे चार प्लॅस्टिकचे डबे भरून घेतले आणि ते दोराने घट्ट बांधून त्यांवर गोधडी टाकली. “एवढी टाकी असता डबे कशाला? भार वाढतो,” असे मालकांनी म्हटले, आणि ते खोटे नव्हते, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. परंतु वहिनींचे डोके वेगळ्या शाळेत शिकलेले होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचे पाणी सुटून सुरत बुडाले, त्या वेळी हे कुटुंब रांदेर भागात भाड्याच्या खोलीत राहत होते. चोहोकडे पुरुषभर पाणी आणि प्यायला घोट नाही, अशा स्थितीत त्यांनी तीन दिवस गच्चीवर काढले. तेव्हापासून त्यांच्या घरात भरलेला डबा नाही असा दिवस गेलेला नाही. त्यांनी बरोबर एक चाळीस पानी वहीदेखील घेतली होती. तिच्यावर “पाणी” असा एकच शब्द लिहिला होता.

भरूचला नर्मदा ओलांडली. अहमदाबाद टाळून विरमगाम, तेथून पाटडी आणि खाराघोडा. येथे लहान रणाची कड लागते. ‘रण’ हा शब्द संस्कृतातील ‘इरिण’ म्हणजे क्षारयुक्त ओसाड भूमी यावरून आला, असे विद्वान सांगतात. राजस्थानच्या वाळवंटासारखी येथे वाळूची टेकाडे नाहीत. लहान रण सुमारे पाच हजार आणि मोठे रण सुमारे अठरा हजार चौरस किलोमीटरचे. दोन्ही सपाट, ताटासारखी. पावसाळ्यात समुद्राचे खारे पाणी आणि लुणी, बनास, रूपेण या नद्यांचे गोडे पाणी या ताटात एकत्र येते. हिवाळ्यात ते आटते आणि मागे चिखल व मीठ उरते. या ओसाडीतच रानगाढवे, ज्यांना येथे घुडखर म्हणतात, कळपांनी चरतात. १९६० च्या दशकात रोगराईने त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. अभयारण्य झाल्यानंतर ती वाढत गेली, आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली. आम्हास सात दिसली. आठवे होते की नाही, यावर जीपमधील मंडळींत अद्याप मतभेद आहे.

खाराघोड्याच्या पुढे आम्ही एका अगरिया कुटुंबाच्या खोपीपाशी थांबलो. अगरिया म्हणजे मीठ पिकविणारे लोक. पावसाचे पाणी ओसरले की ऑक्टोबरच्या सुमारास हे लोक मुलाबाळांसह रणात येतात आणि एप्रिल-मेपर्यंत तेथेच राहतात. जमिनीखालचे खारे पाणी पंपाने उपसून वाफ्यात सोडायचे आणि उन्हाने मीठ धरले की ओढायचे. पूर्वी पंप डिझेलचे, आता पुष्कळ ठिकाणी सौरशक्तीवर चालणारे. पिण्याचे पाणी टँकरने येईल तेव्हा. वहिनींनी मोडक्यातोडक्या गुजरातीत त्या घरच्या बाईंना पाणी कसे पुरवता, असे विचारले. बाईंनी जमिनीत पुरलेल्या, वर फळी ठेवलेल्या पिंपाकडे बोट केले आणि भांडी आधी राखेने घासून मग चूळभर पाण्यात कशी विसळायची, ते करून दाखविले. मग आमची गाडी आतून पाहून त्यांनी विचारले, “गाडीत घर केले, तर मग घर कोणाला दिले?” आम्ही हसलो. पण त्या रात्री वहीत पाहिले, तर सहा माणसांनी एका संध्याकाळी आणि सकाळी मिळून ब्याण्णव लिटर पाणी खर्च केले होते. त्यांतील निम्मे हातपाय धुण्यात आणि ताटे विसळण्यात. नळ दिसला की शहरातील माणूस तो सोडतो, आणि सोडला की विसरतो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी नळाची मूठ काढून आपल्या पिशवीत टाकली.

राधनपूर, सांतलपूर करीत आम्ही रापरला पोहोचलो. येथे टाकी आणि डबे पुन्हा काठोकाठ भरून घेतले. भरणाऱ्या माणसाने अभिमानाने सांगितले, “नर्मदेचे पाणी आहे.” आदल्या दिवशी भरूचला पुलावरून पाहिलेली नदी येथे नळातून भेटली! कच्छ शाखा कालवा याच तालुक्यातून पुढे जातो. त्याचा मांडवी तालुक्यापर्यंतचा शेवटचा भाग २०२२ साली सुरू झाला. वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९५६ ते १९६० या काळात कच्छ, सुरत आणि आपले कोकण ही सर्व एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. तेव्हा कागदावर जवळ आलेली ही भूमी पाण्याच्या वाटेने जवळ यायला आणखी साठ वर्षे लागली.

रापरहून सुमारे नव्वद किलोमीटरवर खदीर हे बेट आहे. बेट म्हणायचे ते पावसाळ्यात. एरवी मिठाच्या सपाटीतून उंचावलेला खडकाळ भूभाग. त्याच्या कडेला आम्ही एक रात्र काढली. काय ते आकाश! सुरतेत आम्ही नक्षत्रे विसरलो आहोत. थंडी मात्र अशी की, पत्र्याच्या हौद्यात निजण्यापेक्षा गावाकडील कुडाची खोपी बरी, असे बाबांनी दोनदा ऐकविले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डांबरी रस्ता सोडून रणाच्या काठाकाठाने जाणारी एक कच्ची वाट मालकांना मोहात पाडू लागली. पुढे सर्वत्र पांढरे शुभ्र मीठ, आरशासारखे सपाट. गुरे चारणाऱ्या एका वृद्धाने हात आडवा केला आणि म्हटले की, पाहायचे तर पायी जा, गाडी येथे उभी राहू द्या. मालक म्हणाले, “दादा, आम्ही काळ्या मातीतली माणसे, चिखल आम्हाला शिकवू नका.” मला त्या वेळी बोलता आले असते, मी बोललो नाही. मलाही ते पांढरे पटांगण जवळून पाहायचे होते.

दोनशे पावले गेलो असू. वर पापड आणि खाली भिजवलेली कणीक, अशी ती जमीन निघाली. मागची चाके पापड फोडून धुऱ्यापर्यंत खाली गेली. टायरची हवा कमी करण्याचा उपाय वाळूत चालतो. येथे त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही, कारण खाली ओली चिकण माती होती आणि चाक जितके फिरे तितके ते आपली कबर खणीत होते. जीप कडेला कठीण जमिनीवर उभी करून दोर लावला; दोर तुटला. मग मिस्त्री म्हणाले की, चाकाखाली फळ्या पाहिजेत. बॅग्नोल्डच्या पोलादी पन्हळी आमच्याजवळ कोठल्या? होत्या त्या झोपण्याच्या फळ्या. नव्या कोऱ्या, वार्निश केलेल्या, प्रवासी मंडळींच्या सुखासाठी बसविलेल्या. मालकांनी स्वतःच्या हाताने त्या उचकटल्या. तीन मोडल्या, चौथी चिखलात गेली ती आजतागायत तेथेच आहे. गाडी वीतभर पुढे सरली आणि पुन्हा बसली.

इतक्यात वहिनींनी चहासाठी मूठ लावून नळ सोडला. नळ खोकला आणि गप्प झाला. टाकीत बांबूची खुणा केलेली काठी घालून पाहिले. वहीप्रमाणे टाकीत दोनशे लिटरांहून अधिक पाणी असावयास हवे होते. काठी चाळीसच्या खुणेपर्यंतही ओली झाली नाही. खालचा सांधा खडबडीत रस्त्याने उलला होता आणि आदल्या रात्रीपासून पाणी थेंबाथेंबाने हौद्याच्या फटीतून गळत होते. ज्याने जोडकाम केले त्याने पैसे पुरते घेतले होते, काम पुरते केले नव्हते, असो.

प्रसंग जिवावरचा होता, असे मी म्हणणार नाही. गाव सहा-सात किलोमीटरवर होते, जीप धड होती, डिसेंबर-जानेवारीचे ऊन कोणाला मारीत नाही. मे महिना असता, दुसरी गाडी नसती, तर गोष्ट वेगळी. परंतु त्या संध्याकाळी मालकांचा चेहरा मी पाहिला, आणि मला समजले की हा मनुष्य पाण्याचा विचार करीत नाही. मुलीच्या लग्नाच्या पैशाचा विचार करतो आहे. परक्या माणसांना येथे आणले असते आणि हे घडले असते तर? त्यांनी रागाने मुलावर आवाज चढविला की, हात धुवायला पाणी का घेतलेस. मुलगाही फिरून उत्तरला. बाप-लेकांत जुंपणार, इतक्यात वहिनींनी गोधडी बाजूला केली. चारही डबे भरलेले, झाकणे घट्ट. टाकीतले उरलेले पाणी इंजिनासाठी आणि डब्यांतले माणसांसाठी, माणशी दिवसाला पाच लिटर, असे त्यांनी जाहीर केले. कोणी हू की चू केले नाही. घरात वहिनींचा आवाज मी एरवी फारसा ऐकलेला नाही. बाबा तेवढे पुटपुटले, “जठे पानी, तठे घर.”

रात्री खिचडी झाली. ताटे राखेने घासली.

सकाळी जीप गावात जाऊन एक ट्रॅक्टर घेऊन आली. ट्रॅक्टरवाल्या तरुणाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न केला : आत काय काय आहे? मग म्हणाला, “घर खाली करा.” आम्ही साखळी करून सामान उतरविले. शेगडी, सिलिंडर, गाद्या, हंडे, पिठाचा डबा, रिकामी टाकी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाबांची काठी, मुलाचे पुस्तक. त्या अफाट पांढऱ्या पटांगणावर एका बिऱ्हाडाचे सारे सामान मांडून ठेवलेले दिसले, तेव्हा ते किती थोडे आणि किती जास्त आहे, असे एकाच वेळी वाटले. हलकी झालेली गाडी ट्रॅक्टरने अर्ध्या तासात मागच्या मागे ओढून काढली. आदल्या दिवशीचा तो गुराखी वृद्ध दूर बसून पाहत होता. मालक त्याच्याजवळ गेले आणि हात जोडून उभे राहिले. त्याने तंबाखूची चिमूट पुढे केली. विषयाचे नावदेखील काढले नाही. ट्रॅक्टरवाल्याने आढेवेढे घेत केवळ डिझेलचे पैसे घेतले. वहिनींनी त्याच्या घरी म्हणून खानदेशी मसाल्याची पुडी दिली.

जवळच धोलावीरा आहे. हडप्पा संस्कृतीचे हे नगर जगतपती जोशी यांनी १९६०च्या दशकात उजेडात आणले. १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथील भव्य वेशी, दहा चिन्हांची ती प्रसिद्ध पाटी, हे सारे मार्गदर्शकाने सांगितले. आम्ही मात्र सर्वजण पाण्याच्या हौदांपाशीच रेंगाळलो. मानसर आणि मनहर या दोन ओढ्यांच्या मध्ये हे नगर वसलेले. ओढे पावसाचे काही दिवस वाहणारे. त्यांवर बंधारे घालून ते पाणी एकामागून एक हौदांत वळविलेले. काही हौद बांधीव, काही खडकातच कोरलेले. पूर्वेकडील एक हौद सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सरासरीने पस्तीस-चाळीस सेंटीमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, तेथे ही माणसे पंधराशे वर्षे राहिली. हौद एक नव्हे, अनेक. एक उलला तरी दुसरा शिल्लक. मालक त्या पायऱ्यांवर बसून बराच वेळ आपली गळकी टाकी आठवीत असावेत. वहिनी पुढे जाऊन खडकातल्या पन्हळी हाताने चाचपून पाहत होत्या.

धोलावीऱ्याहून खावड्याकडे जाणारा नवा रस्ता सुमारे तीस किलोमीटर थेट रणातून जातो, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत पांढरे. त्याची छायाचित्रे आता सर्वांनी पाहिली आहेत; मी वर्णन करीत नाही. खावड्याजवळचा काळा डुंगर हा कच्छमधील सर्वांत उंच भाग, साडेचारशे मीटरांहून किंचित अधिक. माथ्यावर दत्तात्रेयाचे देऊळ आहे, आणि तेथे सायंकाळी हाळी देऊन कोल्ह्यांना भाताचा घास घालण्याची जुनी प्रथा आहे. महाराष्ट्रातील दत्त येथे एवढ्या दूर पाहून बाबांना फार आनंद झाला.

पुढे बन्नी. हे गवताळ रान मालधारी पशुपालकांचे. बन्नीच्या म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. येथील एका वाडीत आम्ही ‘विरडा’ पाहिला, आणि वसईकडील वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण ज्यांच्या वाडीत बावखल आहे त्यांना याचे मर्म सांगावे लागणार नाही. जेथे पावसाचे पाणी साचते अशा खोलगट जागी मालधारी लोक उथळ विहिरी खणतात. जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या जड, खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरीच्या कडा लाकडांनी बांधून त्यांमागे गवत दाबतात, म्हणजे पाणी गाळून आत झिरपते. रोज लागेल तेवढेच काढायचे; अधिक उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर गेली. आमच्या किनाऱ्यावर पंपांनी आणि टँकरांनी जे झाले, ते येथील निरक्षर म्हाताऱ्यांनी शेकडो वर्षे होऊ दिले नाही. वहिनींनी ती विहीर पाहून वहीत काहीतरी लिहिले. मी विचारले नाही.

भूजमध्ये टाकीला डाग देऊन घेतला, अहमदाबादेच्या वाहनांच्या गर्दीत अर्धा दिवस गेला, आणि निघाल्यापासून आठव्या रात्री आम्ही गोडादऱ्यात परतलो.

आता धंद्याचे. मालकांनी परिवहन कार्यालयात चौकशी केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या रचनेत मंजुरीवाचून बदल करता येत नाही, आणि मालवाहू गाडी निवासी म्हणून भाड्याने द्यायची तर नोंदणी, विमा, तपासणी, सारेच नव्याने. खर्चाचा अंदाज दीड लाखाच्या पुढे कोठल्या कोठे गेला. घरात यावर दोन-तीन रात्री चर्चा झाली. एका रात्री मलाही बोलावले होते. मालक म्हणाले, “फादर, कागद होतील. पण भाड्याने आलेल्या लोकांना नळ बंद करा म्हणून कोण सांगणार?” वहिनी म्हणाल्या, “मी नाही जाणार त्यांच्यासोबत.” बाबा काही बोलले नाहीत. माझे मत विचारले, तेव्हा मी म्हणालो की, गाडी विकू नये आणि लग्नाच्या पैशाला हात लावू नये. मुलगा शिकून बाहेर पडला की पुन्हा पाहावे. माझे म्हणणे त्यांना पूर्णपणे पटले असे नाही. मालकांच्या डोळ्यांत ते पांढरे रण अजून आहे. ते मला दिसते.

लग्नसराई लागली, साड्यांची पार्सले वाढली, आणि हौद्यातील उरल्यासुरल्या फळ्या निघून गाडी पुन्हा बाजारात धावू लागली. डाग दिलेली टाकी आता त्यांच्या गच्चीवर बसविली आहे. ती वही मी मागून घेऊन पाहिली. शेवटच्या पानावर असे लिहिले आहे : भरले किती, प्याले किती, इंजिनाला किती, गळाले किती. त्याखाली, परत आणले, वीस लिटर. चौथा डबा सबंध प्रवासात उघडलाच नव्हता. रापरला भरलेले ते नर्मदेचे पाणी वहिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या कढीपत्त्याला घातले, आणि डबा धुऊन, पुन्हा भरून, खाटेखाली सरकविला.